एलिझाबेथ रॉसचा माग: जुन्या अमेरिकेतल्या विधवेचं घराणं कसं शोधावं

२९ मे १७७७ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या नौदल मंडळाच्या वहीत एक ओळ लिहिली गेली. जहाजांची निशाणं शिवल्याबद्दल एलिझाबेथ रॉस हिला १४ पौंड १२ शिलिंग २ पेन्स द्यावेत, अशी ती नोंद. सतरा दिवसांनी, १५ जूनला, फिलाडेल्फियाच्या ‘ओल्ड स्वीड्स’ चर्चमध्ये तिने जोसेफ अ‍ॅशबर्न या दर्यावर्दीशी लग्न केलं आणि एलिझाबेथ रॉस हे नाव कागदांतून उठलं. तिचा पहिला नवरा जॉन रॉस जानेवारी १७७६ मध्ये वारला होता. म्हणजे स्वतःच्या नावावर पैसे घेणारी एलिझाबेथ रॉस जेमतेम सतरा महिने होती. त्याआधी ती जॉन रॉसची बायको आणि त्याहीआधी सॅम्युअल ग्रिस्कमची मुलगी.

ही तीच बेट्सी रॉस, जिने अमेरिकेचा पहिला झेंडा शिवला असं तिथल्या पोरांना शाळेत सांगतात. झेंड्याचं पुढे बघू. आपल्याला ती हवी आहे ती वेगळ्या कारणासाठी: तीनदा विधवा झालेली, सात मुलींची आई आणि चार आडनावांची धनीण. तिचा माग काढता आला तर कोणाचाही काढता येईल. अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरांत आता सून किंवा जावई तिकडचे असतात, नातवंडांना दोन्हीकडची वंशावळ भरायची असते. आपल्या बाजूला त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची वही आणि कुलवृत्तांत मदतीला येतात. त्यांच्या बाजूला मात्र अठराव्या शतकापाशी पोचलं की हटकून एक विधवा भेटते आणि तिच्या माहेराशी गाडी अडते. ती पुढे कशी ढकलायची, त्याची ही कृती.

आधी एक गोष्ट मनात पक्की करायची. इंग्रजी कायद्यानुसार लग्न झालेली बाई नवऱ्याच्या छायेखाली जायची. तिची कमाई, तिचे करार, तिचं कर्ज, सगळं त्याच्या नावावर. त्या काळच्या कायद्याच्या भाषेत या अवस्थेला ‘कव्हर्चर’ म्हणत, म्हणजे झाकलेपण. नवरा मेला की झाकण उघडायचं. ती कोर्टात अर्ज करायची, कर भरायची, जमिनीत हिस्सा मागायची, दुकान चालवायची. म्हणून बाईचा शोध तिच्या जन्मापासून किंवा लग्नापासून सुरू करू नये. तिच्या नवऱ्याच्या मरणाच्या दिवसापासून सुरू करावा. ऐकायला बरं वाटत नाही, पण कागद तिथेच आहेत.

पहिलं काम: आजपासून १८५० पर्यंत मागे चालत जाणं

थेट १७७६ वर उडी मारायची नाही. घरातल्या हयात माणसांपासून एकेक पिढी मागे जायचं, आणि प्रत्येक पिढीला ‘हा याचाच मुलगा कशावरून’ या प्रश्नाचं उत्तर देणारा निदान एक कागद जोडायचा. हा टप्पा कंटाळवाणा असला तरी सोपा आहे. १८८० च्या शिरगणतीत प्रत्येक माणसाचं कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं आहे. १८५० च्या शिरगणतीत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य आहे. १८९० ची शिरगणती १९२१ च्या आगीमुळे जवळजवळ सगळी गेली, तेव्हा तिथे वीस वर्षांचं खिंडार पडतं हे धरून चालावं. मूळ पानांच्या प्रतिमा ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. खातं उघडावं लागतं, इतकंच.

१८५० च्या पलीकडे गेलात की शिरगणतीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. बाकी सगळे आकडे. १७९० च्या पहिल्या शिरगणतीत तर गोऱ्या पुरुषांचे सोळा वर्षांच्या वरचे आणि खालचे असे दोन रकाने आहेत, पण गोऱ्या बायकांना सरसकट एकच रकाना: तान्ही मुलगी आणि नव्वदीची आजी एकाच आकड्यात. १८०० पासून बायकांचेही वयोगट पडतात आणि १८३० ला ते पुरेसे बारीक होतात. या काळात बाईचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून दिसलं तर बहुतेकदा ती विधवा असते. तिथे बोट ठेवायचं. दर दहा वर्षांच्या आकड्यांची एकाखाली एक मांडणी केली की मुलं किती, साधारण कोणत्या वयाची, हे कळतं. लेकीकडे राहणारी म्हातारी मात्र जावयाच्या नावाखाली एक आकडा होऊन बसते, म्हणून जावयांची घरंही तपासायची.

गुलामीत असलेल्या विधवेचा मार्ग याहून फार वेगळा आणि फार कठीण आहे. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत बहुतेक ठिकाणी नावंच नाहीत, मालकाच्या नावाखाली वय आणि वर्ण. तिथे मालकाच्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत गुरांच्या आणि भांड्यांच्या ओळींमध्ये तिचं नाव शोधावं लागतं. त्याची कृती स्वतंत्रच लिहायला हवी.

दुसरं काम: नवऱ्याच्या मरणाचे सगळे कागद, एकही न सोडता

खरं घबाड इथे आहे. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मिळकतीचा कारभार बघायला व्यवस्थापक नेमला जाई, आणि त्यावर पहिला हक्क विधवेचा. तिने हक्क घेतला तर तिला जामीनखत लिहून द्यावं लागे आणि जामीन राहणारे दोन इसम हवे असत. त्या दोन नावांवर डोळा ठेवायचा. परक्या बाईसाठी कोण जामीन राहतं? बहुधा तिचा बाप, भाऊ, मेहुणा, नाहीतर नवऱ्याचा भाऊ. तिने हक्क सोडला तर हक्कसोडपत्र सापडतं, आणि त्याच्या तळाशी तिची सही किंवा सहीच्या जागी फुली असते. अडीचशे वर्षांपूर्वीच्या बाईच्या हातची ती कदाचित एकमेव खूण. प्रत घेऊन ठेवा. पुढे त्याच नावाच्या दोन बायका समोर आल्या तर सहीवरून वेगळ्या करता येतात.

त्यानंतर मालमत्तेची यादी. दोघे-तिघे शेजारी घरात येऊन पलंग, गाद्या, चरखे, तवे, गायी, सगळ्याची किंमत लावत. ही यादी कंटाळा न करता पूर्ण वाचावी. खुर्च्या-गाद्या मढवण्याची हत्यारं दिसली तर धंदा कळतो. जॉन आणि एलिझाबेथ दोघेही याच धंद्यातले, एकाच उस्तादाकडे शिकलेले.

विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांश भागावर हयातभर हक्क असे. त्याला ‘डावर’ म्हणतात. याचा शोधाच्या दृष्टीने फायदा असा, की नवरा हयात असताना जमीन विकायची झाली तरी बायकोने हा हक्क सोडल्याशिवाय घेणाऱ्याला घोर राही. म्हणून खरेदीखतात बायकोचं नाव येतं. अनेक ठिकाणी अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारत, की तू ही सही राजीखुशीने करतेस ना? त्या जबानीचीही नोंद असते. खरेदीखतांच्या सूचीत नवऱ्याच्या नावाने शोधा, बायकोचं नाव आतल्या मजकुरात मिळेल. १७८० साली बायको मेरी आणि १७८६ साली बायको हॅना असं दिसलं, तर मधल्या सहा वर्षांत काय झालं असेल हे वेगळं सांगायला नको.

मुलांबद्दल एक घोळ नेहमी होतो. बाप मेला की आई हयात असूनही मुलांना ‘ऑर्फन’, म्हणजे पोरकं म्हणत. पेनसिल्व्हेनियात हे बघणाऱ्या कोर्टाचं नावच ‘ऑर्फन्स कोर्ट’ आहे, आजही. तेव्हा ‘अनाथ मुलं’ वाचून आई मेली असं लिहून टाकू नका. अल्पवयीन मुलांच्या मिळकतीवर कोर्ट पालक नेमी, आणि चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला आपला पालक स्वतः निवडता येई. त्या अर्जांत मुलांची नावं आणि वयं येतात. आईने दुसरं लग्न केलं असेल तर तिचं नवं आडनावही बरेचदा इथेच पहिल्यांदा भेटतं. विधवा एकाएकी नाहीशी झाली असं वाटतं तेव्हा तिने पुन्हा लग्न केलेलं असण्याची शक्यता मरणाइतकीच धरावी.

हे कागद कुठे? काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कोर्टात, राज्याच्या अभिलेखागारात, आणि त्यांतले पुष्कळसे छायाचित्रं काढून संकेतस्थळांवर. सूचीवर विसंबू नका. सूचीत मेलेल्याचं नाव असतं, विधवेचं नसतं. काउंट्यांच्या हद्दी बदलत गेल्या आहेत, म्हणून त्या वर्षी ते गाव कोणत्या काउंटीत होतं हे आधी बघायचं. नाहीतर आठवडाभर चुकीच्या कोर्टाच्या वह्या चाळत बसाल.

तिसरं काम: माहेर

माहेरचं आडनाव लग्नाच्या नोंदीत सापडलं तर देव पावला. पण आधी खात्री करा, की ते माहेरचंच आहे. १७८३ च्या मे महिन्यात एलिझाबेथने जॉन क्लेपूलशी तिसरं लग्न केलं, तेव्हा ती होती एलिझाबेथ अ‍ॅशबर्न. तेवढ्या एका नोंदीवरून कोणी अ‍ॅशबर्न घराण्यात तिचे आईबाप शोधायला गेला, तर जन्मभर सापडायचे नाहीत.

नोंद नसेल तर उलट्या बाजूने यायचं. परिसरातल्या वयस्क पुरुषांची मृत्युपत्रं वाचायची आणि ‘माझी मुलगी अमकी, तमक्याची बायको’ असं कुठे लिहिलंय का बघायचं. कोणाची वाचायची ते जामीन, साक्षीदार, शेजारी आणि मुलांची नावं यांवरून ठरवायचं. मुलाचं पहिलं किंवा मधलं नावच एखादं आडनाव असेल तर ते आजोळचं असू शकतं. असू शकतं, एवढंच. त्या काळी थोर माणसांची आडनावंही पोरांना ठेवत.

बेट्सीच्या बाबतीत माहेर क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं होतं, आणि क्वेकर म्हणजे शोधणाऱ्याची चंगळ. या पंथाच्या मासिक सभा जन्म, लग्न, मृत्यू, स्थलांतर आणि शिस्तभंग, सगळं लिहून ठेवत. बायकांच्या सभा वेगळ्या आणि त्यांच्या वह्याही वेगळ्या. १७७३ च्या नोव्हेंबरात ती नदीपलीकडे न्यू जर्सीत जाऊन जॉन रॉसशी लग्न करून आली. त्याचा बाप अँग्लिकन चर्चचा धर्मोपदेशक. पंथाबाहेर लग्न केलं म्हणून १७७४ साली तिला सभेतून काढून टाकलं. घरच्यांना तेव्हा ती नाचक्की वाटली असेल, पण ग्रिस्कमची मुलगी रॉसच्या घरात कशी गेली याचा पुरावा त्या बहिष्कारानेच टिकवला. फिलाडेल्फियाच्या क्वेकर वह्या स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड या दोन कॉलेजांत सांभाळलेल्या आहेत. तिथून मागे गेलं की सतरा भावंडांचं घर लागतं, बेट्सी आठवी. आणखी मागे गेलं की १६८० साली आलेला पणजोबा अँड्र्यू ग्रिस्कम, धंद्याने सुतार.

क्वेकर तारखा वाचताना सावध राहा. देवदेवतांवरून पडलेली महिन्यांची नावं ते वापरत नसत, आकडे लिहीत: पहिला महिना, दुसरा महिना. १७५२ पूर्वी इंग्रजी अमलात वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून त्यांचा पहिला महिना मार्च आणि बारावा महिना फेब्रुवारी. १७५२ च्या सप्टेंबरात दिनदर्शिका बदलताना अकरा दिवसही गळले. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१ चा, आताच्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२ चा. लग्नानंतर दोनच महिन्यांत मूल झालेलं दिसलं तर कोणाच्या चारित्र्यावर बोलण्याआधी एकदा दिनदर्शिका बघावी.

चौथं काम: युद्धात गेलेला नवरा

नवरा स्वातंत्र्ययुद्धात लढला असेल तर विधवेच्या निवृत्तिवेतनाची फाइल शोधाच. १८३६ च्या कायद्याने, सैनिकाची नोकरी संपण्यापूर्वी लग्न झालेल्या विधवांना वेतन मिळू लागलं. १८३८ ला १७९४ पूर्वीची लग्नं धरली, १८४८ ला १८०० पूर्वीची, आणि १८५३ ला लग्नाच्या तारखेची अटच गेली. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे आणि म्हाताऱ्या बायकांकडे दाखला नसे. मग त्या काय करत? घरच्या बायबलमधलं नोंदीचं पान फाडून अर्जाला जोडत. शेजारणी शपथेवर सांगत, की मी त्या लग्नाला होते, अमक्या पाद्र्याने लावलं. सैनिकांच्या आणि विधवांच्या मिळून सुमारे ८०,००० फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. विधवेच्या फाइलच्या क्रमांकाआधी ‘डब्ल्यू’ असतो. १८०० च्या नोव्हेंबरात युद्ध खात्याच्या कचेरीला आग लागून आधीचे अर्ज जळाले, तेव्हा त्यापूर्वीचं फारसं मिळणार नाही. १८४० च्या शिरगणतीच्या पानामागे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची नावं आणि वयं आहेत, त्यांत विधवाही सापडतात. आणि ‘आमच्या पणजीला वॉशिंग्टनच्या सैन्यातल्या नवऱ्याचं वेतन मिळायचं’ असं कोणी म्हणालं तर हसू नका. एस्तर डेमन नावाची शेवटची अशी विधवा व्हरमाँटमध्ये १९०६ साली वारली. लग्नाच्या वेळी ती एकवीस वर्षांची होती आणि नवरा पंचाहत्तरचा.

बेट्सीचा दुसरा नवरा अ‍ॅशबर्न रणांगणावर पडला नाही. इंग्रजांनी त्याचं जहाज पकडलं आणि १७८२ साली तो इंग्लंडमधल्या प्लिमथच्या ओल्ड मिल तुरुंगात मेला. ती बातमी घरी घेऊन आला त्याच तुरुंगातला दुसरा कैदी, जॉन क्लेपूल, आणि पुढच्या वर्षी तोच तिसरा नवरा झाला. यात वंशावळीचा एक सापळा आहे. अ‍ॅशबर्नपासून झालेली एलिझा क्लेपूलच्या घरात, पाच क्लेपूल मुलींबरोबर मोजली जाणार. आकडेच बघणारा माणूस तिला क्लेपूल करून टाकेल.

पाचवं काम: शब्दांचे जुने अर्थ

थडग्यावर ‘रेलिक्ट’ असेल तर बाई नवऱ्यामागे गेली, ‘कॉन्सॉर्ट’ असेल तर नवऱ्याआधी. मृत्युपत्रातला ‘सन-इन-लॉ’ हा जावई असेल किंवा सावत्र मुलगाही. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हणजे बापलेकच असं नाही, एका गावात एका नावाचे दोघे असले की थोरल्याला आणि धाकट्याला ओळखायला हे शब्द लागत. ‘माय नाऊ वाइफ’ म्हणजे आताची बायको असं वाचून पहिली बायको शोधत फिरू नका; पुढे दुसरी आली तर हा वाटा तिला नको, एवढीच वकिली खबरदारी असू शकते. एकाच घरात एकाच नावाची दोन मुलं दिसली तर पहिलं बहुधा गेलेलं असतं. आणि सगळं कुटुंबच एका वर्षात वहीतून उठलं तर साथ कोणती होती ते बघा. १७९३ च्या पीतज्वराने फिलाडेल्फियात सुमारे ५,००० माणसं नेली, त्यांत बेट्सीचे आईबापही होते.

सहावं काम: घरच्या गोष्टी तोलणं

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. बहुतेक लोक गोष्टीपासून सुरू करतात आणि मग तिला जुळणारे कागद वेचत बसतात.

झेंड्याची गोष्ट जगापुढे आली १८७० साली. बेट्सीचा नातू विल्यम कॅन्बी याने पेनसिल्व्हेनियाच्या इतिहास मंडळापुढे निबंध वाचला, की वॉशिंग्टन स्वतः आजीच्या दुकानात आले होते. तेव्हा आजीला जाऊन चौतीस वर्षं झाली होती आणि प्रसंगाला जवळजवळ शंभर. नातेवाईक बायकांनी तशी प्रतिज्ञापत्रंही करून दिली. त्या भेटीचा त्या काळातला कागद मात्र कोणाला सापडलेला नाही. सापडते ती १४ पौंडांची नोंद, आणि तिच्यात वॉशिंग्टन नाहीत.

पण ती प्रतिज्ञापत्रं फेकून द्यायची नाहीत. त्यांत मुलगी सांगते मी मुलगी, नात सांगते मी नात, भाची सांगते मी भाची. कोण कोणाच्या घरात वाढलं, कोणी कोणाबरोबर दुकानात काम केलं, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं आहे. तेव्हा गोष्टीतला झेंडा बाजूला ठेवावा आणि गोष्ट सांगणाऱ्यांची नावं उचलावीत. तुमच्या सुनेच्या घरातही ‘आमची पूर्वज रेड इंडियन राजकन्या होती’ असं काहीतरी असेलच. राजकन्या सोडा. ही गोष्ट प्रथम कोणी, कोणाला, कोणत्या गावी सांगितली, ते मात्र लिहून घ्या.

घरचं बायबल मिळालं तर नोंदींच्या आधी छपाईचं वर्ष बघावं. बायबल १८२० चं आणि पहिली नोंद १७७० ची असेल, तर ती आठवणीतून किंवा दुसरीकडून उतरवलेली आहे. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने असतील तरी तेच. त्या खोट्या ठरत नाहीत, पण त्यांचं वजन घटतं.

लिहून ठेवणं

एक मोठा कागद घ्या आणि डावीकडे वर्षं, उजवीकडे नोंदी. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या वहीतून, कोणत्या पानावरून घेतली हे त्याच बैठकीत लिहा, कारण दुसऱ्या दिवशी आठवत नाही आणि महिन्याने सापडत नाही. जिथे शोधलं आणि मिळालं नाही, तेही लिहा. सिद्ध झालेली नाती शाईने, अंदाज पेन्सिलने. संकेतस्थळांवर लोकांनी चढवलेली तयार झाडं वाटाड्या म्हणून बघायला हरकत नाही. पण एकाची चूक शंभरांनी उतरवली की ती शंभर पुराव्यांसारखी दिसते, एवढं लक्षात असू द्यावं.

मरणाच्या नोंदीतही जपून. बेट्सी ३० जानेवारी १८३६ ला वारली आणि फ्री क्वेकर या क्वेकरांतून वेगळ्या झालेल्या गटाच्या दफनभूमीत पुरली गेली. वीस वर्षांनी तिचे अवशेष माउंट मोरिया दफनभूमीत हलवले. १९७५ साली ते आर्च स्ट्रीटवरच्या तिच्या नावाच्या घराच्या अंगणात न्यायचे ठरले, तेव्हा तिच्या दगडाखाली खणल्यावर हाडं मिळालीच नाहीत. घराण्याच्याच जागेत दुसरीकडे मिळालेली हाडं तिची धरली आणि नेली. वंशावळीत तिच्या दफनाच्या रकान्यात तिन्ही जागा लिहाव्यात, वर्षांसकट: १८३६, १८५६, १९७५. तिसरी पेन्सिलने.